एकंदरराव, मले काहून थांबवलं?

दादा, परवा तुझी तेरवी झाली आणि पंगतीच्या दारात उभं राहायला कोणी नव्हतं. पत्रावळी वाढून झाल्या असं कुणीतरी ओरडायचा अवकाश, सगळा वॉर्ड एकदम मांडवात घुसला. घुसला म्हणजे दारातच अडकला. पोरं रडायला लागली, एका म्हाताऱ्याची चप्पल गेली, वाढप्याच्या हातातली कढी सांडली. आत अर्ध्या जागा रिकाम्या आणि दारात माणसं एकमेकांना ढकलत उभी. मी ओट्यावरून पाहत होते. मला आधी हसू फुटलं आणि त्याच हसण्याचं कधी रडणं झालं ते कळलं नाही. शेजारची काकू म्हणाली, "रडू द्या तिले, पाठचा नाई, पाठीशी असनारा भाऊ गेला तिचा." तिला वाटलं, मला तुझी आठवण आली. आठवण तर आलीच होती, पण त्याहून जास्त मला तुझा राग आला होता.

तो राग कुठे नेऊन ठेवू ते समजत नाही, म्हणून हे लिहितेय. इथे बालाघाटात दिवसभर शाळेत मुलांना हिंदीत शिकवते, बाजारात हिंदीत बोलते, पण तुझ्याशी भांडायचं तर मराठीतच सुचतं.

तुझं काम लोकांना समजावून सांगणं हा माझा जन्मभराचा वैताग होता. "मॅडम, भाऊ काय करते तुमचा?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, ट्रॅफिकमध्ये आहे. लोकांना वाटायचं हवालदार. एकदा तू सुटीवर आला होतास तेव्हा गल्लीतला एक माणूस पोलिसांनी पकडलेली मोटरसायकल सोडवून द्या म्हणून तुझ्यासमोर हात जोडून बसला. तू त्याला चहा पाजलास आणि तास खर्चून सांगितलंस की तू गाड्या पकडत नाहीस, फक्त थोडा वेळ थांबवतोस. तो उठताना म्हणाला, "हौ साहेब, समजलं. थांबवता, मंग आता सोडा ना."

मलाही ते समजायला वेळच लागला होता. तिकडे दक्षिणेतल्या त्या मोठ्या शहरात, खांबांवरून शहराभोवती जाणारा तो लांबलचक रस्ता. ना चौक, ना फाटक, गाड्या आपल्या सुसाट. खालच्या गल्ल्यांतून त्यावर चढायला चढणी, त्यांना तू रॅम्प म्हणायचास. संध्याकाळी खालून गाड्यांचा थवा एकदम वर चढतो, वरच्या गाड्या त्यांना जागा द्यायला ब्रेक मारतात, मागचे आणखी जोरात मारतात, आणि मैलभर मागे कुणाला का उभं राहावं लागलं ते त्यालाही कळत नाही. म्हणून रॅम्पच्या तोंडाशी तुझा दिवा. एका हिरव्यात एकच गाडी. वर गर्दी दाटली की लाल लांबवायचा, पांगली की आखडायचा. रस्त्यात पुरलेल्या तारा गाड्या मोजतात आणि दिवा त्याप्रमाणे चालतो. "आपन कोनालेच अडवत नाई, मंगे," तू म्हणायचास, "फक्त झुंडीनं येऊ देत नाई."

हे वेड तुला लहानपणी भरवेलीत लागलं. बाबा खाणीत होते तेव्हाची गोष्ट. पाळी सुटल्याचा भोंगा वाजला की शेकडो सायकली एकदम सडकेवर ओतायच्या, समोरून मँगनीजचे ट्रक, आणि आपण दोघं कडेला उभे राहून बाबांची सायकल शोधायचो. एकदा त्या रेटारेटीत बाबा पडले. फार काही नाही, गुडघा सोलला, हँडल वाकडं झालं. आईनं हळद भरली. तू त्यांच्यापाशी उकिडवा बसून विचारत होतास, "बाबा, सगळे एकदमच काहून निघता? थोडे थोडे नाई निघता येत?" बाबा कळवळत असतानाही हसले. म्हणाले, "घरी जायाची घाई प्रत्येकालेच असते ना रे." मला वाटतं तू नोकरीभर त्या एका वाक्याशी भांडत राहिलास.

आणि मी तुझ्याशी. आठवतं, माझी पल्लवी कॉलेजात जायच्या आधी मी तिला घेऊन तुझ्याकडे आले होते? तू मोठ्या कौतुकानं आम्हाला तुझा दिवा दाखवायला नेलंस. स्वतःच बसवलेल्या दिव्यासमोर स्वतःच्याच गाडीत मुकाट बसलास. समोर रस्ता मोकळा दिसत होता आणि लाल काही जाईना. मागे एक बस होती, शिवणाच्या कारखान्यातून सुटलेल्या बायांनी खच्चून भरलेली. दांड्याला लोंबकळून उभ्या, घामानं निथळत. त्यांच्यातली एक खिडकीतून डोकं काढून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. तू हसलास.

"काय म्हनली?" मी विचारलं.

"दिवा लावनाऱ्याच्या मायचा उद्धार केला."

पल्लवी खिदळली, पण मला नाही हसू आलं. मी म्हटलं, "दादा, वरून सुसाट चालले ते लांबून आलेले, मोठ्या गाड्यांचे. ह्या बाया इथच्याच, दोन पावलावर घर यांचं. यायनं काहून थांबाचं?"

"थांबल्यानं एकंदर सगळ्यायचाच टाइम वाचते."

"एकंदर म्हनजे कोन?"

"म्हनजे सगळे मिळून."

"नाई, मले तो एकंदर दाखव. त्या बसमधी आहे का? त्याच्या घरी पोरं वाट पाहून राह्यले का? त्याचे पाय दुखते का?"

दिवा हिरवा झाला आणि तू गाडी पुढे घेतलीस. त्या दिवसापासून तुझं नाव पडलं एकंदरराव. फोन आला की पल्लवी ओरडायची, "मम्मी, एकंदररावजी का फोन!" तूही कधी रागावला नाहीस. उलट पल्लवीच्या लग्नपत्रिकेवर मामा म्हणून तेच नाव छापा म्हणालास.

पण तू ते विसरलाही नव्हतास. दुसऱ्या वर्षी की केव्हा, दुपारीच फोन केलास, मी वर्गावर होते. "एकंदररावानं तुह्यं ऐकलं," म्हणालास. त्या एका रॅम्पवर बससाठी कडेनं वेगळी पट्टी आखून घेतली होतीस, बसनं दिव्याला न थांबता सरळ वर जायचं. त्यासाठी वरच्या साहेबांशी महिनोन्‌महिने हुज्जत घातलीस हे तू सांगितलंही नाहीस, तुझ्या हाताखाली काम करणाऱ्या पोरीनं मला परवा सांत्वनाच्या फोनवर सांगितलं. बाकीच्या रॅम्पवर मात्र होऊ दिलं नाही म्हणे कुणी. मी वर्गातल्या मुलांसमोर उभी राहून फोनवर नुसती हौ हौ करत राहिले. तेव्हा शाबास म्हणायचं राहिलं. आता म्हणते.

मग तू कायमचाच बालाघाटला आलास. नोकरीची दोन वर्षं शिल्लक असताना. आम्ही विचारलं तर म्हणालास, पल्लीचं लग्न आहे, मामा नको का हाताशी? लग्न तू केलं नाहीस, लेकरू तुला तेच एक. मी खुळी, मला आनंदच झाला. तू वाळला होतास तर मी म्हटलं, तिकडचं सांबार मानवलं नाही. भात कमी जेवायचास तर म्हटलं, वय झालं. "तब्येत कशी आहे?" म्हटलं की म्हणायचास, "एकंदर बरी आहे." माझ्याच तोंडचा विनोद तू माझ्याच समोर ढालीसारखा धरलास आणि मी दरवेळी हसले.

लग्नाचा दिवस तर तुझाच होता. वर बाशिंग बांधून बसला होता, पण सगळी वरात बोलत होती ती दोरावाल्या मामाबद्दल. जेवणाच्या मांडवाच्या दाराला तू आडवा दोर बांधलास आणि खुर्चीपाशी उभा राहून माणसं मोजून सोडू लागलास. आत जितके उठले तितके बाहेरून आत. खरं सांगते, बालाघाटात एवढी शिस्तीची पंगत मी पाहिली नाही. आणि मग दाराशी आले मूळचे तुमसरचे, आता रायपूरला राहणारे आमचे व्याही, पागोटं बांधलेले, बरोबर त्यांचे भाऊ. तू दोर काही खाली केला नाहीस.

"दोन मिनिट थांबा, आतले उठले का सोडतो."

"आमाले ओळखलं नाई का तुमी? आमी वराकडचे."

"ओळखलं ना. म्हनूनच म्हनतो. आत्ता गेले तर आत उभं राहा लागन तुमाले."

मुलीच्या मामानं वऱ्हाडाला दोरापाशी उभं करावं! व्याही जे फिरले ते थेट गाडीत जाऊन बसले. बायका कुजबुजल्या, कुणीतरी बोलावलं, मी शालू सावरत धावत आले आणि सगळ्यांदेखत तुझ्यावर कडाडले, "वऱ्हाडाले दोरापाशी थांबवते का कोनी? अक्कल गहाण ठेवली का तिकडे?"

"सिग्नलाले व्याही समजत नाई, मंगे," तू म्हणालास. पण चेहरा उतरला तुझा. मी नारळ आणि शाल घेऊन निघाले तर तू मला अडवलंस आणि स्वतः गेलास. गाडीत त्यांच्या बाजूला जाऊन बसलास. काय बोललास देव जाणे. बऱ्याच वेळानं दोघं हसत उतरलात आणि पंगत उठेपर्यंत आमचे व्याही पागोट्यानिशी त्या दोराचं दुसरं टोक धरून उभे होते, स्वतःच्याच भावाला म्हणत होते, "थांब रे, मामाचा नियम आहे."

मधेच एकदा मी पाहिलं, तू खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं होतंस आणि दुसरा हात उजव्या बरगडीखाली होता. समोर पल्लवी मैत्रिणींबरोबर नाचत होती. मी म्हटलं, "थकला का?" तू म्हणालास, "नाई, पोरगी पाह्यतो." मी बुंदी वाढायला निघून गेले.

पोरगी रायपूरला सासरी गेली. मांडव उतरला. आणि मग तू एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केलीस. पहिल्यांदा म्हणालास, पोटात गॅस धरतो. मग काही दिवसांनी, डॉक्टर म्हणते लिवरवर सूज आहे. मग सूज नाही, गाठ आहे. मग गाठ आहे पण औषध चालू आहे. मी एक गोष्ट पचवायची, चार दिवस जरा बरे जायचे, की दुसरी. मला तेव्हा वाटलं तुलाही तसतसंच कळतंय. ऑपरेशन होणार नाही हे तू सांगितलंस त्या दिवशी मी माझ्या नवऱ्यावर ओरडले की आधी का नाही नागपूरला नेलं, तेव्हा हे खाली मान घालून म्हणाले, "नेलतो ना. दिवाळीतच नेलतो." लग्नाच्या कपड्यांना म्हणून तुम्ही दोघं नागपूरला गेलात ते कपड्यांना नव्हे. कपडे तुम्ही परत येताना गोंदियात घेतलेत. माझ्या अंगावरचा तो शालूही.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. तुला, यांना, डॉक्टरला. तू वर बसून पाहत होतास की मंगीला आत्ता किती झेपेल, आणि तेवढंच सोडत होतास. तुझी सगळी विद्या, दादा, ती तार, तो दिवा, ते मोजणं, तू शेवटी माझ्यावर चालवलंस. शहरातल्या त्या बाया निदान शिवी देऊ शकत होत्या, त्यांना लाल दिवा दिसत होता. मला तर दिवा आहे हेच माहीत नव्हतं.

तू म्हणशील, मग काय बिघडलं? लग्न झालं. पोरीच्या हातावर मेंदी चढली, व्याही जेवून गेले, कुणाच्या डोळ्यात पाणी नव्हतं. एकंदर सगळं छान पार पडलं. खरंय. मला आधी कळलं असतं तर मी लग्न पुढे ढकललं असतं नाहीतर त्या मांडवात रडत फिरले असते, आणि तू पाहिलास तसा पोरीचा नाच तुला दिसला नसता. हे मला कळतं आणि त्यासाठी मी तुझे पाय धरीन. पण दादा, पाय धरते आणि भांडतेही. दिवाळीपासून तू माझ्या घरात मरत होतास आणि मी तुला विचारत होते की आचाऱ्याला बुंदी किती सांगू. तुझ्या उशाशी बसायचे माझे दिवस होते ते. ते मला न विचारता कुणाच्या सोयीसाठी कापलेस?

हे मी तुला विचारलं होतं, अगदी असंच नाही, पण विचारलं होतं. दवाखान्यात, दुपारी. हे डबा धुवायला बाहेर गेले होते. मी म्हटलं, "मले काहून थांबवलं तू?"

 तू म्हणालास, "थांबवनं कोनालेही जमते, मंगे. किती थांबवाचं, खरं काम ते आहे. जास्त थांबवलं तर रांग मागं मागं जाते, अन् गल्लीच बंद होते. मले वाटलं, लग्न झालं का आपल्याले बोलाले लय टाइम भेटन. पावसाळा तरी निघन. दिवसभर ओट्यावर बसून बोलू म्हटलं." आणि मग, "हिसाब चुकला माहा."

माझ्या तोंडात सगळं एकदम आलं. की मला तुझी चूक नको, तू हवास. की लहानपणी भरवेलीच्या सडकेवर तू माझा हात धरायचास, तो मला आत्ता पाहिजे. की तुझ्याशिवाय मला या गावात मराठीत रागवायला कोणी नाही. पण नर्स आली, सलाईन बदलायला लागली, आणि मी म्हटलं, "असू दे, आराम कर." नंतर तू शुद्धीवर फार थोडा वेळ होतास आणि त्या वेळात खोली माणसांनी भरलेली होती.

तर असं आहे. तू मला थांबवलंस आणि माझा हिरवा आलाच नाही. तुझ्या शास्त्रात याला काय म्हणतात माहीत नाही.

काल पल्लवी तेरवी करून रायपूरला परत निघाली. तिला अजून हेच वाटतं की मामाचं सगळं लग्नानंतर एकाएकी झालं. ती गाडीत बसली आणि हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरीले सध्या काही सांगू नको. नवा संसार आहे तिचा. मामाले लग्नातच तरास होता हे कळलं तर लग्नाची फोटो पाहनार नाई ती. हळूहळू सांगू, थोडं थोडं." त्यांच्या तोंडी अगदी तुझेच शब्द होते. आणि मी मान हलवली. मला वाटलं, बरोबरच आहे.

आज शाळेतून आले आणि फोन वाजला. "मम्मी, तू ठीक है ना? खाना खाया?" मी म्हणणार होते, हौ, ठीक आहे. इतकं सोपं होतं ते. तिचा आवाजही बरा होता, मागे कुकरची शिट्टी वाजत होती, सासू काहीतरी विचारत होती. तिचा रस्ता मोकळा होता, दादा. एक शब्द कमी बोलले असते तर तसाच राहिला असता. पण मला पुढची सगळी वर्षं दिसली, मी तिला जपून जपून एकेक सांगतेय आणि एक दिवस ती मला विचारतेय, मला का थांबवलंस. आणि तेव्हा मी कुठल्यातरी पलंगावर पडलेली.

मी सगळं सांगितलं. दिवाळी, नागपूर, कपडे, गाठ, बरगडीखालचा हात, दवाखान्यातलं तुझं बोलणं. काही मागं ठेवलं नाही, काही गोड केलं नाही. कुठलं आधी, कुठलं नंतर, तेही पाहिलं नाही. पलीकडे कुकर शिट्ट्या देत राहिला, कुणी गॅस बंद केला नाही. मग ती म्हणाली, "मम्मी, मैं नाच रही थी." पुन्हा तेच. "मामा खडे थे और मैं नाच रही थी."

आणि ती हंबरडा फोडून रडली. मीही. मग दोघी एकदम बोलायला लागलो, दोघी एकदम थांबलो, कुणाचंच वाक्य पुरं होईना, फोनही ठेवता येईना. तिची सासू घाबरून धावत आली, इकडे हे दारात येऊन उभे राहिले, त्यांना कळलं मी काय केलं ते, आणि ते तिथेच खाली बसले आणि तोंड झाकून घेतलं. तू गेल्यापासून हा माणूस रडला नव्हता. स्वयंपाक राहिला, दिवाबत्ती राहिली, तिकडे भाजी करपली. सगळं ठप्प, दादा. असा जाम तू जन्मात पाहिला नसशील. तुला अजिबात आवडला नसता.

पण या वेळी मी एकटी अडकलेली नव्हते.